गाडीखालून फडफड, खरखर, जळका वास: इंजिनखालचं कव्हर तपासायचं कसं

दिवाळी झाली की माझ्या गॅरेजात एकाच तक्रारीच्या गाड्या येऊ लागतात. "दादा, गाडीखाले काहीतरी खडखड करी ऱ्हायनं." फैजपूर-सावदा पट्ट्यातल्या केळीवाल्यांच्या गाड्या चार महिने शिवारातल्या चिखलातून फिरलेल्या असतात. वर सणाच्या आधी सर्व्हिसिंगही झालेलं असतं. दहापैकी सात-आठ वेळा दोष एकच निघतो: इंजिनच्या खाली बसवलेलं प्लास्टिकचं कव्हर सुटलेलं असतं. कुणी त्याला अंडर कव्हर म्हणतं, कुणी चेंबर गार्ड (चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाचं तेलाचं भांडं). गाडी माझ्याकडे येईपर्यंत मालकाने बहुतेक वेळा ते काढून डिकीत टाकलेलं असतं, नाहीतर तारेने बांधलेलं असतं. त्या दोन्हींमुळे नंतर काय होतं ते मी अनेकदा पाहिलंय, म्हणून हे सविस्तर लिहितोय. यातल्या निम्म्याहून जास्त तपासण्या तुम्ही घरच्या अंगणात करू शकता.

लक्षणं

आवाज कधी येतो हे नीट ऐका. त्यावरून अर्धं काम होतं.

वेग साठ-सत्तरच्या पुढे गेला की फडफड सुरू होते, वेग कमी केला की थांबते, आणि गियर किंवा रेसशी तिचा संबंध नसतो. तिथे कव्हराच्या पुढच्या कडेखाली हवा शिरतेय.

फक्त गतिरोधकावर किंवा शेताच्या बांधावरून उतरताना खर्र होतं. मागची बाजू लोंबतेय, नाहीतर गाडीचं पोटच खरंच टेकतंय.

गाडी जागेवर उभी असताना पत्र्याची झणझण येते, थोडी रेस दिली की बंद होते, आणखी दिली की पुन्हा येते. हे कव्हर नाही. सायलेन्सरच्या पाइपवरचा पातळ पत्रा, म्हणजे हीट शील्ड, ढिला झालाय.

स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायरला काहीतरी घासतं. चाकाजवळचं प्लास्टिकचं लायनर सुटलंय.

जळक्या प्लास्टिकचा वास येतो. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, मग पुढचं वाचा.

पावसाच्या डबक्यातून गेल्यावर बेल्ट चिरकतो. कव्हर बहुधा जागेवर नाहीच.

आणि जमिनीवर तेलाचा डाग. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय, तो दुर्लक्ष करायचा विषय नाही.

हे कव्हर असतं कशासाठी

लोकांचा समज असतो की दगडापासून चेंबर वाचवायला ते दिलंय. मग हात लावून बघतात, प्लास्टिक वाकतं, आणि "हे काय वाचवणार" म्हणून काढून टाकतात. ते दगडासाठी नाहीच. उडालेली खडी ते थोपवतं तेवढंच, मोठ्या दगडापुढे त्याचा निभाव लागत नाही.

त्याची खरी कामं वेगळी आहेत. इंजिनच्या खालची बाजू खडबडीत असते आणि तिथे हवा अडकते. सपाट कव्हर असलं की हवा सरळ मागे निघून जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे पन्नासवरून शंभरला गेलात की तो चौपट होतो. त्यामुळे गावात फरक कळत नाही, पण जळगाव-धुळे हायवेवर डिझेल-पेट्रोलच्या हिशेबात तो जाणवतो. दुसरं काम चिखल-पाण्यापासून बचावाचं. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, बेल्ट, सेन्सरचे प्लग हे सगळं खाली असतं. तिसरं, आवाज दाबणं. डिझेल गाडीच्या कव्हरावर आतून नमद्यासारखा थर असतो तो त्यासाठीच.

चौथं काम आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाचं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो. तेव्हा हमखास कुणीतरी सांगतं, "कव्हर काढून टाका, इंजिनला हवा लागेल." बऱ्याच गाड्यांमध्ये याच्या उलट होतं. समोरून आलेली हवा रेडिएटरमधून आरपार जावी म्हणून बंपरपासून इंजिनखालपर्यंत वाट बंदिस्त केलेली असते. कव्हर काढलं की ट्रॅफिकमध्ये पंख्याने मागे ढकललेली गरम हवा खालून वळून पुन्हा रेडिएटरसमोर येऊ शकते. मग एसी कमी थंड करतो आणि पंखा जास्त वेळ फिरतो. रावेरच्या एका गिऱ्हाइकाची एसीची तक्रार मी गॅस तपासून, कंडेन्सर धुऊन शोधत बसलो होतो. शेवटी डिकीत कव्हर सापडलं. ते बसवलं आणि तक्रार संपली.

पहिली तपासणी: वाकून बघा

खर्च काही नाही. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक लावलेला, इंजिन तासभर थंड झालेलं. गाडीखाली शिरू नका. मोबाइलचा टॉर्च लावून व्हिडिओ सुरू करा आणि मोबाइल बंपरखालून हळूहळू सरकवा. तो व्हिडिओ पुढे मेकॅनिकला दाखवायलाही उपयोगी पडतो.

कव्हराची कोणती बाजू लोंबतेय ते पाहा, कारण त्यावर घाई ठरते. मागची बाजू लोंबत असेल तर ती रस्त्याला घासत जाईल, आवाज करेल, झिजेल. पुढची कड सुटली असेल तर ती सुपासारखी हवा भरून घेते. ऐंशीच्या वेगात ती हवा कव्हर खाली ओढते, ते रस्त्याला टेकतं आणि गाडीखाली दुमडतं. उरलेल्या क्लिपा एकामागून एक उपटतात, आणि सुटलेलं कव्हर मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या अंगावर जातं. त्या माणसासाठी तरी पुढची कड सुटलेली गाडी हायवेवर नेऊ नका.

हे वाटेतच घडलं तर डावीकडे थांबा, धोक्याचे दिवे लावा, मागे त्रिकोण ठेवा. कव्हर दोरीने वर बांधता येतं, फक्त दोरी सायलेन्सरच्या पाइपपासून लांब हवी. तिथून पुढे चाळीसच्या वर जायचं नाही. बांधता येत नसेल तर उरलेल्या क्लिपा काढून कव्हर डिकीत टाका. दोन-चार दिवस त्याच्याशिवाय गाडी चालवल्याने काही बिघडत नाही, फक्त डबक्यातून जोरात नेऊ नका.

दुसरी: हलवा आणि क्लिपा मोजा

कव्हराची कड हाताने हलवा. मग रिकामी छिद्रं मोजा. काही ठिकाणी दहा नंबरच्या पान्याचे बोल्ट असतात, काही ठिकाणी प्लास्टिकच्या दाबायच्या क्लिपा. क्लिपेच्या मधोमध एक खिळी असते. ती वर ओढली की क्लिपेचे पाय मिटतात, आत दाबली की पसरतात. स्क्रू ड्रायव्हरने उचकटून काढली की पाय तुटतात. मग तीच क्लिप परत लावली तरी ती धरत नाही, नुसती अडकून राहते.

एक क्लिप गेली तर काय होतं, असं विचारतात. तिचा भार शेजारच्या दोघींवर येतो. कव्हर थरथरत राहतं, शेजारची छिद्रं लांबट होतात, आणि दोन-तीन महिन्यांत चार क्लिपा गेलेल्या असतात. दहा-वीस रुपयांच्या क्लिपेसाठी अख्खं कव्हर जातं.

मी स्वतः गॅरेजवाला आहे, तरी स्पष्ट सांगतो: हा दोष बहुतेक वेळा आम्हीच तयार करतो. अनेक गाड्यांत ऑइल बदलायला कव्हर काढावं लागतं. घाईत क्लिपा तुटतात, सापडत नाहीत, आणि गाडी आहे त्या क्लिपांवर बाहेर पडते. परवा आलेल्या एका गाडीच्या कव्हराला अकरा जागा होत्या आणि क्लिपा चारच. सर्व्हिसिंग होऊन पाच दिवस झाले होते. गाडी ताब्यात घेताना तिथेच वाकून बघा आणि रिकामी छिद्रं दिसली तर जागेवर भरून मागा. यात संकोच करायचं कारण नाही.

नवी क्लिप घ्यायला जाताना जुनी सोबत न्या. छिद्रं सहा, आठ, दहा मिलिमीटर अशी वेगवेगळी असतात. आठच्या छिद्रातली सहाची क्लिप पहिल्याच गतिरोधकाला पडते. क्लिप मिळाली नाही म्हणून लांब स्क्रू ठोकू नका. मागे रेडिएटर, एसीचा पाइप किंवा वायरिंग असू शकतं. अशा एका स्क्रूने भोक पडलेला रेडिएटर मी बदललाय.

तिसरी: कव्हरावर साठलेला चिखल आणि काडीकचरा

आपली काळी जमीन ओली असताना चिकटते आणि वाळली की विटेसारखी होते. कव्हराची वरची बाजू ताटासारखी असते. पाणंद रस्त्याने चाललं की चाकाचा चिखल त्यात जाऊन बसतो, इंजिनच्या उष्णतेने भाजतो, त्यावर पुढचा थर बसतो. एका गाडीचं कव्हर काढलं तेव्हा आत दोन बोटं जाडीची काळी पोळी निघाली. तिच्यावर केळीच्या पानाची शीर ठशासारखी उमटलेली होती. सहज काट्यावर ठेवली तर पावणेतीन किलो भरली. कव्हराचं स्वतःचं वजन त्याहून कमी होतं. क्लिपा एवढा बोजा पेलायला बनवलेल्या नसतात.

म्हणून शेतात फिरणाऱ्या गाडीला पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी खालून साध्या नळीने पाणी मारा, चिखल ओला असतानाच. वाळल्यावर उलथन्याने खरवडू नका, प्लास्टिक चिरतं. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचं पाणी मारताना नोझल प्लग आणि बेल्टच्या जवळ नेऊ देऊ नका.

काडीकचऱ्याचा धोका चिखलापेक्षा मोठा आहे. सुगीत ज्वारी, तूर, सोयाबीन रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली मळणी होते. त्यावरून गेलं की काड्या एक्सलभोवती गुंडाळल्या जातात आणि कव्हर व सायलेन्सरच्या मध्ये जाऊन बसतात. पऱ्हाटीच्या काटक्या तशाच. सायलेन्सरच्या पाइपवरचा धूर साफ करणारा डबा, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, चालू गाडीत चारशे अंशांच्या वर सहज जातो. तिथे वाळलेला भुसा अडकला तर तो आधी धुमसतो आणि मग पेटतो. अशा पसाऱ्यावरून जावंच लागलं तर पुढे मोकळ्या जागी थांबून खाली एकदा बघा. काड्या हाताने नको, लांब काठीने ओढा, पाइप तापलेला असतो.

उंदीर हाही याच प्रकरणातला. नमद्याचा थर असलेलं कव्हर म्हणजे त्यांना तयार बिछाना. खाली पांढऱ्या नमद्याचे पुंजके पडलेले दिसले तर वायरिंग तपासून घ्या.

चौथी: लायनर आणि हीट शील्ड

चाकाजवळचं लायनर बहुतेक वेळा त्याच क्लिपांनी कव्हराला जोडलेलं असतं. स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकामागे बघा. प्लास्टिकवर टायरची चकाकती घासलेली पट्टी दिसेल. एक-दोन क्लिपा लावल्या की काम होतं, पण तोवर गाडी चालवली तर भोक पडून चिखल थेट आत जातो.

हीट शील्डसाठी गाडी पूर्ण थंड असताना पत्र्यावर हलकी टिचकी मारा. झणझणला तर बोल्टची जागा गंजून मोठी झालीय. मोठा वायसर घालून बोल्ट आवळला, किंवा स्टीलची होज क्लॅम्प लावली, की आवाज जातो. पत्रा उपटून मात्र टाकू नका. तो सायलेन्सरची धग वरच्या वायरिंगपर्यंत आणि शेजारच्या प्लास्टिकपर्यंत जाऊ देत नाही.

पाचवी: ओल आणि डाग

रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका, सकाळी बघा. एसीचं स्वच्छ पाणी टपकणं नेहमीचं आहे. हिरवट, गुलाबी किंवा नारिंगी, बोटाला बुळबुळीत लागणारं पाणी म्हणजे कूलंट, रेडिएटरमधलं इंजिन थंड ठेवणारं पाणी. काळं-तपकिरी म्हणजे इंजिन ऑइल. लालसर म्हणजे बहुधा ऑटोमॅटिक गियरबॉक्सचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल.

इथे कव्हर फसवतं. तेल वरून गळतं, कव्हरावर साठतं, उतारावर वाहतं आणि भलत्याच टोकाला टपकतं. डाग डाव्या चाकाजवळ आणि गळती उजवीकडच्या ऑइल फिल्टरला, असं नेहमी होतं. कव्हराच्या नमद्याने तेल पिलं असेल तर डाग महिनाभर दिसतही नाही. म्हणून डाग असो नसो, दर महिन्याला डिपस्टिक, म्हणजे इंजिनमधली तेल मोजायची पट्टी, काढून तेल बघा. तेलाने भिजलेला नमदा तसाच ठेवू नका, शेजारी गरम पाइप आहे.

सहावी: कव्हर काढून दुरुस्ती

हे काम अंगावर घेण्याआधी एक अट. फक्त गाडीसोबत आलेल्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकंसुद्धा घालायचं नाही. तो जॅक चाक बदलण्यापुरता असतो. विटा, सिमेंटचा ठोकळा, लाकडी ओंडका यांवरही भरवसा नको, ठोकळा भाराखाली अचानक फुटतो. जॅक स्टँड किंवा रॅम्प नसेल तर इथेच थांबून गॅरेज गाठा.

कव्हर काढल्यावर छिद्रं तपासा. लांबट झालेल्या छिद्रावर दोन्ही बाजूंनी मोठा वायसर देऊन बोल्ट लावता येतो. चीर असेल तर तिच्या टोकाला बारीक छिद्र पाडा म्हणजे ती पुढे सरकत नाही, मग प्लास्टिक वेल्डिंग करून घ्या. ही कव्हरं बऱ्याचदा पॉलिप्रॉपिलीनची असतात. त्यावर एम-सील किंवा नेहमीचे डिंक टिकत नाहीत, आठवड्यात खपली निघते. सायलेन्सरच्या बाजूने वितळून वाकडं झालेलं कव्हर दुरुस्त करत बसू नका, नवं घ्या. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंशांना वितळतं, आणि वाकडं कव्हर पाइपच्या आणखी जवळ जातं.

तारेबद्दल. तार थरथरून प्लास्टिक करवतीसारखी कापते. तापलेल्या पाइपाला अडकवलेली असेल तर उष्णता थेट कव्हरात आणते. गॅरेजपर्यंत पोहोचायला ठीक, पण त्याच तारेवर वर्ष काढलेल्या गाड्या माझ्याकडे येतात.

बोल्ट ज्या ब्रॅकेटमध्ये जातो त्याचे आटे गेले असतील किंवा ब्रॅकेट वाकला असेल, तर ते काम लिफ्टवर करायचं. ब्रॅकेट आपोआप वाकत नाही, त्या धक्क्याने आणखी कशाला मार बसलाय हेही तिथेच बघावं लागतं.

लोखंडी गार्ड घ्यावा का?

हा प्रश्न मला रोज येतो. ज्याची गाडी भुसावळ-जळगाव करते, त्याला नको. ज्याचा मळा दगडी नाल्यापलीकडे आहे, जो पाल, मनुदेवी, तोरणमाळकडे कच्च्या वाटांनी नेहमी जातो, त्याने विचार करावा. खेड्यातले गतिरोधक हाही आपल्याकडचा खरा त्रास आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक सूचनांत गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितलाय. गावकऱ्यांनी रात्रीतून घातलेला अरुंद, उंच उंचवटा त्यात बसत नाही. बऱ्याच हॅचबॅक गाड्यांचं पोट जमिनीपासून १६-१७ सेंटिमीटरवर असतं, आणि पाच माणसं व केळीचे दोन घड टाकले की त्यातलंही कमी होतं. तिथे गार्डपेक्षा गाडी हळू काढणं आणि शक्य असेल तर माणसं उतरवणं जास्त कामाचं.

गार्ड घ्यायचाच तर आधी कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेला आहे का विचारा. बाहेरचा घेताना चार गोष्टी पाहा. तो चेसिसला बसतो की इंजिनला? इंजिनला जोडलेला गार्ड दगडाचा धक्का थेट इंजिनला देतो. गार्ड आणि चेंबर यांत दोन बोटं तरी अंतर आहे का? चिकटून असेल तर गार्ड वाकताच चेंबर फुटतो. ऑइल काढायला आणि हवा निघायला छिद्रं आहेत का? आणि वजन किती? पोलादी गार्ड दहा-पंधरा किलोंचा असू शकतो, म्हणजे तेवढंच पोट खाली. शिवाय पुढून धडक बसल्यावर गाडीचा पुढचा भाग ठरलेल्या रीतीने चेपावा अशी रचना असते. वेल्डिंगवाल्याकडून बनवलेला जाड अँगल तिच्यात अडथळा आणू शकतो. तसला गार्ड मी बसवत नाही, गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल.

इथे थांबा, मेकॅनिकला बोलवा

ऑइलचा लाल दिवा लागला तर इंजिन तत्क्षणी बंद. "गाव दोनच किलोमीटरवर आहे" असं म्हणून चालवत आणलेली इंजिनं मी खोललीत. चेंबर फुटला असेल तर नवा चेंबर किंवा आर्गन वेल्डिंगवर भागतं. तेलाविना चाललेल्या इंजिनचे बेअरिंग आणि क्रँक जातात. गाडी टो करून आणा.

पोट जोरात आपटल्यावर गळती नसली तरी चेंबरला पोचा आलाय का ते बघून घ्या. आत तेल ओढणारी जाळी चेंबरच्या तळापासून थोड्याच अंतरावर असते. पोचा खोल असेल तर तेल कमी खेचलं जातं, आणि दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो.

तापमानाचा काटा वर गेला, गियर अडकू लागले, कूलंट गळालं, धूर दिसला, गाडी एका बाजूला ओढू लागली: यातलं काहीही कव्हराचं काम नाही.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर पहिल्या तपासणीपुढे स्वतः जाऊ नका. तिच्या पोटाखाली बॅटरी असते आणि नारिंगी केबलमध्ये जीवघेणा व्होल्टेज. बॅटरीच्या तळाला ओरखडा किंवा पोचा दिसला तर फोटो काढा आणि गाडी थेट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा.

कव्हर नीट बसवल्यावर एकदा मोकळ्या रस्त्यावर ऐंशीपर्यंत जाऊन या. फडफड आली नाही तरी शंभर किलोमीटरनंतर पुन्हा वाकून प्रत्येक क्लिप बोटाने दाबून पाहा. नव्या क्लिपा पहिल्या चार-आठ दिवसांतच ढिल्या होतात किंवा मग नीट धरून बसतात.